करडा चौकोन आणि आमची आई

...आणि वर आमचे साहेब मलाच म्हणतात, "वाद घालू नकोस!" घालणार! का नाही घालणार? तुम्हाला सांगतो, डोळ्यांच्या दवाखान्याचं ॲप बनवलंय आम्ही, त्यात एक फॉर्म, आधी केस नंबर भरायचा, मग खालचा तारखेचा चौकोन उघडतो, तोवर तो करडा, बंद, त्याला हजार वेळा टॅप करा... ढिम्म! आमच्या आईचंच घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन, तारखा भराभर संपतायत, आणि ही अर्धा तास त्या करड्यावरच बोट टोचतेय! मला फोन. "अरे, फोन बिघडला." फोन बरा आहे, आई. "मग माझं बोट बिघडलं का?" का उघडत नाही, ते चौकोनानं सांगायला नको? बंद असलं म्हणून काय झालं, बोलायला नको?

गेलो साहेबांकडे. साहेब खुर्चीत गोल फिरत म्हणाले, "डिसेबल्ड म्हणजे बंद. आणि बंद असलेलं बोलत नाही. करडं दिसतंय ना? मग कळायला हवं!" अहो साहेब, मोतीबिंदूवाल्यांना सगळंच करडं दिसतं, म्हणून तर येतायत ना बिचारे! "शुक्रवारी ॲपची नवी आवृत्ती लोकांकडे जातेय. हात लावायचा नाही."

लावला! घाबरतो काय? आता गंमत ऐका, बंद चौकोनाला टॅप कळतच नाही, ठार बहिरा तो, म्हणून मी त्याच्यावर एक काच टाकली, म्हणजे खरी काच नव्हे हो, न दिसणारा थर, त्यावर बोट पडलं की ठसठशीत अक्षरं आणि एका बाईचा गोड आवाज... "आधी वर केस नंबर भरा." झालं! बंद असलं म्हणून काय झालं, बोलायला नको? कॉलर ताठ करून घरी आलो.

शनिवारी दुपारी आईचा फोन. "केस नंबर अकरा वेळा भरला रे. ती म्हणते, आधी केस नंबर भरा." मी ॲप उघडून बघितलं. चौकोन उघडत होता हो, बरोब्बर उघडत होता... नंबर भरल्यावर वरची काच काढायची तेवढी राहिली! सगळ्या गावाचे डोळे माझ्या काचेपाशी अडलेले! धावत ऑफिस गाठलं, काच काढली, आईला फोन लावला, आई, आता कर टॅप! 

"कशाला? मी दवाखान्यात जाऊन आले. काउंटरवरच्या मुलीनं वहीत पेन्सिलीनं लिहून घेतलं. पुढचा मंगळवार. आणि काय रे, ते ॲप तू केलंयस ना?"

म्हटलं, तुला कोणी सांगितलं?

"सांगायला कशाला हवं? भरलंय भरलंय म्हणून मी ओरडतेय, आणि ती आपलं तेच तेच, तेच तेच, समोरच्याचं ऐकायचंच नाही! आवाज बाईचा होता, पण हट्ट ओळखला मी."

तुम्हाला सांगतो, साहेबांपुढे न मिटलेलं हे तोंड, फटकन बंद झालं. आणि बंद झालेलं बोलत नाही, हे साहेबांचं तेवढं... जाऊ द्या.