परसातलं कासव

बांबांग गावच्या दवाखान्यात माझ्यापुढे नणंद-भावजय बसल्या होत्या. कुणी ऐकू नये असं वाटत असेल, तर माणसानं हळू बोलावं.

"वहिनी, दादा अजून महायुद्धात जपान्यांनी पुरलेलं सोनं शोधत डोंगरावर जातो?"

"कड्यावरून दोनदा घसरला, तरी जायचा. शेवटी मीच परसातल्या दगडावर जपान्यांच्या खुणेचं कासव कोरलं. त्याचं तोंड जिकडे, तिकडे सोनं म्हणतात ना, म्हणून तोंड आंब्याकडे. आता आंब्याखाली खणत बसतो."

"त्याला कळलं तर?"

"तो दगड वाचतो बाई, बायको वाचत नाही."

वहिनीचा नंबर लागला, ती आत गेली. तेवढ्यात तिचा नवरा भाजलेली केळी घेऊन आला.

"दादा, सापडलं काही?"

"काय सापडणार? कासव तिनंच कोरलंय."

"मग खणतोस कशाला?"

"कोरताना तिच्या हाताला फोड आले होते. ते वाया कसे घालवू?"