नदीपलीकडची हेस्टर

टास्मानियातल्या आमच्या गावच्या दवाखान्यात माझ्या शेजारी म्हातारी मे बर्टन आणि तिची लेक डॉरीन नंबरची वाट बघत बसल्या होत्या.

"आई, तुझी पणजी सापडली. नदीपलीकडे, केसीच्या कुरणात."

"ती मेंढ्या कातरणाऱ्याबरोबर पळाली. गावाला ठाऊक आहे."

"ऐक तर. तिथे घर नाही, दार नाही, तरी दरवर्षी डॅफोडिल फुलतात. ही लावली कुणी म्हणून केसीने झुडपं तोडली, तर खाली थडग्याचा दगड."

"काय लिहिलंय?"

"हेस्टर. शेजारणीचं बाळंतपण करून पोरांकडे परतताना पुरात बुडाली."

"परतताना?"

"हो, परतताना."

"म्हणजे पोरांना टाकून नव्हती गेली."

"नव्हती गं. पलीकडच्यांनी पुरलं तिला, पुरामुळे निरोप इकडे पोचलाच नसेल."

"आणि मला जरा उशीर झाला की आई म्हणायची, गेलीस हेस्टरच्या वळणावर. आजीने हट्टानं तिचंच नाव ठेवलं मला, पण त्या नावानं हाक कुणी मारली नाही."

"रडतेस काय?"

"रडत नाही. हलकं वाटतंय."

"मे बर्टन, आत या," नर्सने पुकारलं.

"हेस्टर म्हण, बाई. आता म्हणायला हरकत नाही."