परसातलं भांडण

मनोविकारांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर मायलेकांची जुंपली, तशा नंबराची वाट पाहणाऱ्या एक आजी जप विसरून ऐकू लागल्या.

"रक्तात औषध कमी निघालंय. गोळ्या थुंकतोस ना?"

"नाही गं आई! डॉक्टर म्हणाले ना, सिगारेटनेही घटतं."

"सिगारेट? तू? कुठे?"

"परसात."

"तिथे तर तू कानातल्या आवाजांशी भांडायला जातोस!"

"ते केव्हाच गेले. पण सांगितलं असतं, तर परसात जायला निमित्त काय उरलं असतं?"

"अरे मेल्या! आवाज जात नाहीत म्हणून आज डोस वाढवणार आहेत!"

"म्हणून तर कबूल करतोय. आधीच या गोळ्यांनी कामावर पेंगतो."

"आणि मी रोज देवापुढे रडतेय, त्यांना गप्प कर म्हणून!"

"केलं गं त्याने. तुला कळवायचं माझ्याकडून राहिलं."

आईने डोळे पुसले.

"आत गेल्यावर आधी हे सांग. आणि काडेपेटी इकडे दे."