आवरून ठेवलेला रस्ता

हर्षला : मावशी, जरा हळू बोला. मशीन तुमचाच आवाज धरतंय.

सुंदरा : मी हळूच बोलतेय गं!

हर्षला : बघा ना. तुम्ही बोललात की आकडा सत्तर डेसिबलच्या वर. गप्प बसलात की पन्नासच्या आसपास.

सुंदरा : आता या रस्त्याकडंला राहून सवयच झाली. गेल्या दिवाळीला बहिणीकडं गेलते, ती म्हणाली, सुंदरा, भांडायला आलीस का? चहा टाकू?

हर्षला : टाका, पण घराच्या मागच्या बाजूला. तासभर ऐकायचंय याला, अकरा ते बारा. मग सरासरी निघते. अर्ज तुमचाच ना? डंपर गावातून नकोत, बाहेरच्या रस्त्याने न्या म्हणून?

सुंदरा : माझाच. तीन केले. पयल्याला उत्तर आलं, अर्ज मिळाला. दुसऱ्याला आलं, पुढं पाठवला. तिसऱ्याला तू आलीस. आता तुझ्या कागदावर काय लिवायचं ते मला येत नाय.

हर्षला : लिहायचं मला आहे. सरासरी पंचावन्नच्या वर गेली तर प्रस्ताव पुढे जातो. नाही गेली तर फाइल बंद.

सुंदरा : जाईल की. अगं, डंपर गेला की मांडणीवरची ताटं थरथरतात. आणि आत आमचे हे उठून बसतात. तीस वर्षं माथेरानला घोडा धरला त्यांनी. तिथं गाडीच नाय. हितं हॉर्न वाजला की त्यांना वाटतं घोडा बुजला. झोपेतच हात पुढं करतात, लगाम धरायला. "धर, धर" म्हणतात.

हर्षला : काकांची तब्येत?

सुंदरा : फाल्गुनात हृदयाचं ऑपरेशन झालं. डाक्टर म्हणाला, गोळीपेक्षा झोप महत्त्वाची. गोळी खालापूरला मिळते. झोप कुठून आणू?

हर्षला : पण मावशी, अर्धा तास होत आला, एकही डंपर गेला नाही.

सुंदरा : मी बी तेच बघतेय. एरवी दर दोन मिनटाला एक. आज कोण मेलं का काय... हा बघ जितेश आला. माझा पुतण्या. याचा सोताचा डंपर हाय. काय रं, आज चालत?

जितेश : मोटरसायकल फाट्यावर लावली काकी. आवाज नको म्हणून. नमस्कार मॅडम. कसं वाटलं? एक तरी हॉर्न ऐकला का?

हर्षला : नाही. तेच विचारतोय आम्ही.

जितेश : कालच ग्रुपवर टाकलं. उद्या तपासणी हाय, अकरा ते बारा कुणी गाडी आणायची नाय. पंधरा डंपर खडीच्या कारखान्यावर उभे हायत. कोंडीमावशीनं पिठाची गिरणी बंद ठेवली. बुधाजीनं कोंबडा डालग्याखाली झाकला. शाळेत गुरुजींनी पोरांना पाढे मनातल्या मनात म्हणायला सांगितलेत.

हर्षला : पण का?

जितेश : का म्हणजे? तपासणी ना? शाळेची आली की आमी भिंती रंगवतो. अंगणवाडीची आली की पोरांची नखं कापतो. दवाखान्याची आली तवा चादरी आमच्या घरातून गेल्या. सायबानं बघितलं, खूश झाला, सही करून गेला.

सुंदरा : अरे येड्या! ही आवाजाची तपासणी! आज तर रस्ता घाण दिसायला पायजे होता!

जितेश : ...असं काय?

सुंदरा : असंच! का मुद्दाम केलंस? तुला लांबचा रस्ता नको म्हणून?

जितेश : काकी, असं नको बोलू. काकांना दवाखान्यात माझ्याच गाडीतनं नेलंय मी. गाव चांगलं दिसलं तर लौकर मंजूर होईल असं वाटलं मला. आणि तू अंगण सारवलंस ते कशाला?

सुंदरा : पाहुणी येणार म्हणून.

हर्षला : मावशी, मघाशी पाणी प्यायला आत आले, तेव्हा मांडणीवर ताटांच्या खाली गोणपाट दिसलं.

सुंदरा : ...ते मी घातलं.

हर्षला : कधी?

सुंदरा : आज सकाळी. म्हटलं, सरकारी माणूस येणार, ताटं वाजत असतील तर बरं दिसत नाय.

जितेश : बघ. मला येडा म्हणते.

सुंदरा : तू गप बस. आकडा किती हाय गं आता?

हर्षला : एकावन्न. त्यातले दोनतीन तुमचे.

सुंदरा : तू थोडा वाढवून लिव की.

हर्षला : मशीनमध्ये साठतं ते. मला बदलता येत नाही. आणि आलं असतं तरी... नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहू शकते, वाहतूक थांबवलेली होती म्हणून.

सुंदरा : शेरा वाचतं कोण?

हर्षला : मी. लिहिताना.

जितेश : मॅडम, आता फोन लावतो. पंधराच्या पंधरा रांगेनं आणतो, हॉर्न दाबून. तुमचं मशीन फुटेल.

हर्षला : तसं नको, रोज येतात तसेच हवेत. हा तास मी रद्द करू शकते, कारण देऊन. मग बारा ते एक नवा तास. माझी बस तीनची आहे, थांबते मी. पण आजच व्हायला हवं. परत आमची फेरी पुढल्या वर्षी.

सुंदरा : लाव फोन जितेश. बोलव आत्ताच, बघत काय बसलास? थांब. थांब जरा.

(सुंदरा आत जाते आणि दारातच थबकते. मग पाय न वाजवता परत येते.)

जितेश : काय झालं? काका बरे हायत ना?

सुंदरा : झोपलेत.

जितेश : काका? दिवसाउजेडी?

सुंदरा : डाव्या कुशीवर. तोंड उघडं टाकून. फाल्गुनापासून मी त्यांना असं बघितलं नाय. हात बी उशाखाली हाय, लगामाला गेलेला नाय.

हर्षला : मावशी, तुम्ही सांगाल तसं. मी शेरा लिहून जाऊ?

सुंदरा : नको. आज नाय झालं तर पुढलं वरीस त्यांना असंच "धर, धर" करायला लागंल. नवा तास कधीपासून म्हणालीस?

हर्षला : बारापासून.

सुंदरा : आत्ता किती झाले?

हर्षला : अकरा अडतीस.

सुंदरा : जितेश, सांग डंपरवाल्यांना, बाराला निघा. आधी नाय. एक मिनिट बी आधी नाय. ताटांखालचं गोणपाट मी बाराला काढते.

जितेश : फोन फाट्यावर जाऊन करतो.

हर्षला : मावशी, आत्ता तुम्ही बोललात, ते मशीनने धरलंच नाही.

सुंदरा : चहा घे. कप बशीत ठेवू नको, वाजतो.