एकट्याचं नाव

दवाखान्यात नंबर यायचा होता. मांडीवरच्या बाळाला थोपटता थोपटता तिचे कान मागच्या बाकाकडे लागले. कुणी साहेब आपल्या कॉम्प्युटरवाल्याला झापत होते.

“खायला काळ अन् भुईला भार! नोकरीवरून काढलं, क्लाउडवरून तुझं एकट्याचं नाव पुसायला सांगितलं, तर अख्खं ऑफिस पुसलंस?”

“डोळ्यांत पाणी आलं, साहेब. भलतंच बटण दाबलं गेलं.”

“माझं बीपी बघ कुठे पोचलंय!”

“म्हणून तर इथे आणलं ना तुम्हाला. आणि सकाळचा बॅकअप होता. सगळं परत आलंय.”

“सगळं?”

“जसंच्या तसं. माझं नावसुद्धा.”

“मग ते पूस!”

“आत्ता? फोनवरूनच पुसतो की...”

“थांब, थांब! हात लावू नकोस मेल्या! राहू दे तुझं नाव!”