चार सेन्सर फुकट बसवल्याबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव व फोन नंबर सोबतच्या अर्जात दिल्याप्रमाणे. वय ४९ वर्षे. धंदा चष्म्याचे दुकान, स्वतःचे. राहणार बाजारामागच्या गल्लीत, औषधांच्या दुकानावर दुसरा मजला, पत्नीसह.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, माझी पत्नी शहराबाहेरच्या बिस्किटांच्या कारखान्यात माल तपासण्याच्या कामाला आहे. तिची ड्यूटी सकाळी लवकर असते, त्यामुळे ती पहाटे अंधारातच गाडी घेऊन निघते. गाडी माझ्या नावावर आहे, चालवते ती. मी दुकानात चालत जातो. माझा स्वभाव संशयी नाही. हे वाक्य सुरुवातीलाच घ्यावे असे मी हवालदार बाईंना सांगितले आहे.

माझी तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो इसम पुलाखाली टायरचे दुकान चालवतो. वय पंचेचाळीसच्या आसपास. एकटा राहतो. लग्न का केले नाही हे मला माहीत नाही. दोघातिघांकडे चौकशी केली, पण त्यांनाही माहीत नव्हते. जवळचे दिसेना म्हणून गेल्या वर्षी त्याने माझ्याकडून चष्मा करून घेतला. फ्रेम मीच निवडून दिली. ती त्याला शोभते. तेव्हा मला त्याचे काही वाटले नव्हते.

चार महिन्यांपूर्वी मी या टायरवाल्याकडून गाडीचे चारही टायर बदलून घेतले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा तो स्वस्त पडतो. मी त्या वेळी तिथे उभा होतो. माझे दुकान उघडायला उशीर होत होता म्हणून लवकर आवर असे मी त्याला दोनदा सांगितले. टायर बसले आणि दोन दिवसांत गाडीत समोर एक पिवळा दिवा लागला. तो टायरमधल्या सेन्सरचा होता. प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला एक छोटे यंत्र बसवलेले असते. हवा कमी झाली की ते गाडीला कळवते आणि ते बंद पडले तरी दिवा लागतो, अशी माहिती मला सर्व्हिस सेंटरमध्ये मिळाली. दोन सेन्सर बंद होते.

खर्चाचा आकडा ऐकून मी काउंटरला हात टेकला. सेन्सरचे वेगळे, टायर उतरवून ते बसवायचे वेगळे आणि नव्या सेन्सरची गाडीला ओळख करून द्यायचे आणखी वेगळे. माझ्या दुकानाचे महिन्याचे भाडे त्यात निघाले असते. दोनच बदला म्हटले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली की उरलेल्या दोघांच्याही बॅटऱ्या संपत आल्यात, नुसती बॅटरी बदलता येत नाही, आज दोन केलेत तर थोड्या दिवसांनी पुन्हा टायर उतरवायला याल. मी तिला म्हणालो, ओळख करून द्यायचेही पैसे घेता? आमच्यात ओळख फुकट करून देतात. ती हसली नाही.

मी घरी आलो आणि दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. पत्नीने सेन्सरचा विषय पुढे दोनदा काढला. माझे वडील टायरला लाथ मारून हवा बघायचे आणि त्यांचे काही अडले नाही, असे मी तिला सांगितले. दर रविवारी मी स्वतः हवा बघेन असेही म्हणालो. दोन रविवार बघितली. मग राहून गेले.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी काचा पुसायला गाडीत बसलो तेव्हा चिकटपट्टी नव्हती आणि दिवाही नव्हता. मी पत्नीला विचारले. ती म्हणाली, टायरवाल्यांनी चारही सेन्सर नवे घातले.

"किती झाले?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"घेतले नाहीत त्यांनी. आता तो विषय नको."

माझ्या डोक्यात तिथेच किडा वळवळायला लागला. मी धंद्यातला माणूस आहे. माझ्या दुकानात स्क्रू मी फुकट पिळून देतो, नाकावरच्या उशा फुकट बदलतो, पण लेन्स कुणी फुकट देत नाही. दिली तर घेणाऱ्याबद्दल देणाऱ्याच्या मनात काहीतरी असते. आजवर मी एकदाच फुकट लेन्स दिल्या आहेत. त्या माझ्या पत्नीला दिल्या, लग्नाच्या आधी, ती दुकानात गिऱ्हाईक म्हणून आली होती तेव्हा. त्यामुळे यातले मला कुणी शिकवू नये.

मी तीन दुकानांत जाऊन सेन्सरचा भाव काढला. स्वस्तातला स्वस्त, कुठल्याही नावाचा घेतला तरी चारांची किंमत एवढी होते की कुणी चहापाण्यासारखी सोडून देणार नाही. मग मी घरात लक्ष ठेवायला लागलो. पूर्वी पत्नी त्याला टायरवाले म्हणायची, आता नुसते ते म्हणते. त्यांनी सांगितलंय हवा थंड टायरला बघायची. त्यांचं म्हणणं आहे हा रस्ता वाईट आहे. कारखान्यातली मोडकी बिस्किटे कामगारांना स्वस्तात मिळतात, त्यांची एक पिशवी आमच्याकडे दर शनिवारी येते. गेले तीन शनिवार दोन पिशव्या आल्या आणि दुसरी घरात थांबली नाही. मला ती बिस्किटे फार आवडतात असे नाही. तरी त्या दुसऱ्या पिशवीचा विचार करताना माझ्या हातून एका गिऱ्हाइकाची लेन्स उलटी घासली गेली.

मी पत्नीचा फोनही बघितला. बघितला म्हणजे तो चार्जिंगला होता आणि मी पिन नीट खोचत होतो. दिवा गेला त्याच्या आदल्या पहाटे तिने टायरवाल्याला फोन लावलेला दिसला. तो बारा मिनिटे चालला होता. लग्नाला वीस वर्षे होऊन गेली, माझ्याशी ती फोनवर बारा मिनिटे बोलल्याचे मला आठवत नाही. त्याच्या आधीचा फोन माझ्या नंबरला होता, अर्ध्या मिनिटाचा. त्याचा या तक्रारीशी संबंध नाही.

आज रविवारी पत्नी डोक्यावरून अंघोळीला गेली असताना मी गाडी घेऊन टायरवाल्याच्या दुकानात गेलो. तो कुणाच्या तरी स्कूटरचे चाक काढत होता. मी त्याला सांगितले की चार सेन्सरचे बिल कर, नाहीतर तुझे सेन्सर काढून घे. तो म्हणाला, बिल नाही करणार. मग काढ, असे मी म्हणालो. त्यावर त्याने हात पुसले आणि मला विचारले, "काढले तर वहिनी उद्या पहाटे कशा जाणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी बायको पहाटे कशी जाणार याची काळजी पुलाखाली बसून हा करणार. माझ्या खिशात चष्म्याचे स्क्रू पिळायचा छोटा पेचकस कायम असतो. मी खाली बसलो, व्हॉल्व्हचे झाकण काढले आणि पेचकसाच्या टोकाने पिन दाबून हवा सोडायला सुरुवात केली. एक टायर पूर्ण बसला. दुसरा निम्मा बसला तेव्हा टायरवाल्याने माझे मनगट धरले. झटापटीत त्याचा चष्मा खाली पडला. मी तो उचलला. डावी काडी वाकली होती, ती मी सरळ करून त्याला परत दिला. ते सवयीने झाले, त्यातून दुसरा अर्थ काढू नये. त्याने चष्मा घातला, नीट बसतोय म्हणाला आणि मला बाजूला सारले. त्यामुळे मी पंक्चर शोधायच्या पाण्याच्या टबात बसलो. स्कूटरचा मालक हसला. मी तिथूनच पोलिसांना फोन केला.

आम्हा दोघांना ठाण्यात आणण्यात आले व माझ्या पत्नीला फोन करून बोलावून घेण्यात आले. ती ओल्या केसांनी आली. पुढे जे बोलणे झाले ते माझ्या समक्ष झाले, म्हणून सांगतो.

टायरवाल्याने सांगितले की सेन्सर त्याच्याच हातून मोडले. टायर रिमवरून उतरवताना सेन्सर कुठे आहे ते बघून मग लोखंडी पट्टी घालावी लागते. गिऱ्हाईक डोक्यावर उभे होते, त्याने भराभर पट्टी घातली, दोन तुटले, आणि घाईत ते लक्षातही आले नाही. वहिनींच्या गाडीचे टायर पुन्हा उतरवले तेव्हा आत तुकडे सापडले. दोन भरून देणे त्याच्यावर आलेच होते. बाकीचे दोन संपत आले होते म्हणून तेही त्याने एकाच वेळी घातले. हे कुणाला सांगू नका असे त्यानेच वहिनींना सांगितले होते. बोभाटा झाला असता तर ज्याचा त्याचा बंद सेन्सर त्याच्या गळ्यात पडला असता. बिस्किटांचे त्याने सांगितले की ती वहिनी जबरदस्तीने देतात आणि त्याला गोड चालत नाही, ती शेजारचा चहावाला खातो.

हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. मी तक्रार मागे घेतो म्हणालो. टबात बसवल्याबद्दल त्याला माफही केले. तेवढ्यात हवालदार बाईंनी विचारले की टायर पुन्हा उतरवायची वेळ का आली आणि फोन पहाटे का केला होता. टायरवाला माझ्या पत्नीकडे बघत होता.

पत्नीने सांगितले की त्या पहाटे हायवेवर गाडी एका बाजूला ओढायला लागली. हवा कमी झाल्याचे कळायला काही साधन नव्हते. ती गाडी कडेला घेईपर्यंत टायर फाटला आणि गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी कडेला अशी आडवी उभी राहिली. मागून ट्रक येत होते. तिने आधी मला फोन केला. हवालदार बाईंनी मला विचारले की तुम्ही फोनवर काय म्हणालात. मी झोपेत होतो, मला आठवत नाही, असे मी सांगितले. पत्नी म्हणाली, "मी म्हटलं, अहो, गाडी. हे म्हणाले, तो दिवाच ना? बघू नकोस त्याच्याकडे. आणि ठेवला."

मग तिने टायरच्या बिलावरचा नंबर लावला.

ती बारा मिनिटे काय बोलत होतात, असे मी टायरवाल्याला विचारले. मला ते विचारायचेच होते. तो म्हणाला, "काही नाही बोललो. वहिनी रडत होत्या. मी म्हटलं फोन ठेवू नका, मी निघालोय. पोचेपर्यंत चालू ठेवला, एवढंच."

त्यावर पत्नी हवालदार बाईंकडे बघून म्हणाली, "महिनाभर हे विचारतायत त्यांनी पैसे का घेतले नाहीत. त्या पहाटे मी फोन का केला होता, हे एकदाही विचारलं नाही. आत्ताही टायर कुठला गेला, हे विचारलं नाही."

हवालदार बाईंनी मला विचारले, कुठला? मी पुढचा डावा म्हणालो. टायरवाला खाली बघत म्हणाला, मागचा उजवा, ट्रक जातात त्या बाजूचा.

टायरवाल्याविरुद्ध माझी आता काही तक्रार नाही. माझ्या मनात त्याच्याबद्दल जे होते ते गेले का, असे विचारल्यावरून सांगतो की, गेले नाही. मघाशी होते त्यापेक्षा जास्त आहे. मला त्या माणसाचा हेवा वाटतो. ती रडत होती आणि फोनवर तो होता.

माझ्या गाडीच्या दोन टायरची हवा मी सोडल्यामुळे ती त्याच्या दुकानातून हलू शकत नाही. हवा भरायचे मशीन त्याच्याकडे आहे आणि उद्या पत्नीला पहाटे निघायचे आहे. त्यामुळे ती दोघे आता हवा भरायला गेली आहेत. मीही येऊ का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "तुम्ही जबाब पूर्ण करा. घाई करू नका."

वरील जबाब हवालदार बाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यातले हेव्याचे वाक्य खोडावे अशी मी विनंती केली. खोडायचे असेल तर त्या वाक्यापुढे ते खोटे आहे असे लिहून सही करा, असे त्यांनी सांगितले. मी सही केली नाही. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे, बरोबर आहे.