कॅप्टन मलाच विसरते

ती – इस्त्री उचल. कॉलर जळेल त्याची.

तो – जळू दे.

ती – अरे, गिऱ्हाइकाचा कोट आहे तो!

तो – गिऱ्हाइकाचा कसला, त्या दातांच्या डॉक्टरचा आहे. हा पांढरा कोट घालून दात काढायला लागला की खेळाचं सगळं टेबल त्याच्यावर फिदा. त्यात तू पहिली.

ती – म्हणजे कालचं अजून डोक्यात आहे तुझ्या. सकाळपासून बघतेय, कोटाला इस्त्री करतोयस की बदडतोयस, तेच कळत नाहीये.

तो – मग काय करू? शनिवारची सुट्टी घालवून तुझ्या दादाकडे जायचं, टेबलाभोवती बसून फासे टाकायचे, एकेक सोंग घेऊन कागदावरच्या यानातून तारे हिंडायचे. ते मी आनंदाने करतो. पण दादाने हा नियम कुठून काढला?

ती – कुठला?

तो – उडीचा! यान प्रकाशाच्या पुढे धावलं की त्याचा डोक्यावर परिणाम होतो म्हणे. उडी संपली की प्रत्येकजण यानातल्या एका माणसाला साफ विसरतो. आणि कुणाला विसरायचं, ते ज्याचं त्याने आधी ठरवून दादाच्या कानात सांगायचं. मग विसरलेल्या माणसाने दारात येऊन, प्रश्न विचारून पुन्हा ओळख पटवायची.

ती – चांगला नियम आहे. दुसऱ्यांच्या खेळात नुसत्या उलट्या होतात, नाहीतर केस पांढरे होतात.

तो – मला उलट्या चालल्या असत्या! तू दर उडीला मलाच विसरतेस. यान चालवणारा दातवाला तुला आठवतो. औषधांच्या दुकानातली ती, तीही आठवते. आणि लग्नाचा नवरा समोर उभा, तर विचारतेस, "आपण कोण?"

ती – तिथे मी कॅप्टन आणि तू यानातला स्वयंपाकी. नवरा कुठून आला मध्येच?

तो – तेच तर! काल तर कहर केलास. दातवाल्याला विचारतेस, "या माणसाला तुम्ही ओळखता का?" आणि तो म्हणतो, "नाही कॅप्टन, पण चेहऱ्यावरून चोर वाटतो."

ती – गंमत केली रे त्याने.

तो – तू हसलीस. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. माझ्या विनोदाला कधी अशी हसली आहेस?

ती – तू विनोद कधी केलास? ठेव ती इस्त्री आणि चादर धर. हॉटेलची गाडी येईल आता.

(दोघं समोरासमोर उभे राहून चादरीची टोकं धरतात.)

ती – ताण नीट. आणि तू दर वेळी दातवाल्याला विसरतोस, ते कसं चालतं?

तो – त्याचा काही उपयोग होत नाही. दर वेळी नव्याने भेटतो आणि नव्याने डोक्यात जातो.

ती – बघ, आत्ता हसले की नाही मी?

तो – हसण्यावारी नेऊ नकोस. सरळ विचारतो. आवडतो तुला तो?

ती – कोण, दातवाला? अरे, त्याला मी विसरले तर तो काय करेल, माहितेय? "बरं कॅप्टन" म्हणेल आणि पुन्हा यान चालवायला बसेल.

तो – म्हणजे त्याला विसरवत नाही तुला.

ती – म्हणजे त्याला विसरण्यात काही अर्थ नाही! हे टोक इकडे दे. काल ओळख पटवायला तू मला काय काय विचारलंस, आठवतंय?

तो – काहीतरी विचारावंच लागतं. नाहीतर दादा यानाबाहेर काढतो.

ती – काय विचारलंस?

तो – तेच आपलं. कॅप्टन, तुम्ही नीट जेवत का नाही? तुम्हाला झोप का लागत नाही?

ती – आणि इथे, मला शेवटचं काय विचारलंस?

तो – आज सकाळीच विचारलं की.

ती – काय?

तो – ...कपड्यांची खळ संपली का.

ती – संपली नव्हती. झालं बोलणं.

तो – अगं, पण दिवसभर आपण सोबतच असतो. वेगळं काय विचारायचं?

ती – दिवसभर सोबत असतो आणि मला कुणी काही विचारत नाही. तिथे तू घाबरत घाबरत दारात उभा राहतोस, विचारतोस, मी बोलेपर्यंत थांबतोस. म्हणून विसरते तुला. दुसऱ्या कुणाला विसरून मला काय मिळणार?

तो – काल तू म्हणालीस, इंजिन थांबलं की कॅप्टनला भीती वाटते.

ती – हो.

तो – मला वाटलं, खेळातलं आहे.

ती – मशिनं बंद झाली की इथे आपण दोघंच उरतो. तू कुलूप लावतोस, मी पिशवी उचलते, घर येईपर्यंत एक शब्द नाही. भीती वाटते मला त्याची. काल चार माणसांत सांगून टाकलं. औषधवालीने टेबलाखालून माझा हात धरला. तिला कळलं, तुला नाही कळलं.

तो – मी त्या दातवाल्याकडे बघत होतो. तो हसतोय का, ते.

ती – तू त्याच्याकडे जितका बघतोस ना, तितकी तर त्याची बायकोसुद्धा बघत नसेल.

तो – बरं. मग पुढच्या शनिवारी मी तुला विसरतो. तू ये ओळख पटवायला. तू विचार, मी सांगतो.

ती – नको.

तो – का? माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही?

ती – तसं नाही.

तो – मग?

ती – तू येणारच, हे मला माहीत असतं. म्हणून मी बिनधास्त विसरते. तू मला विसरलास, मी दारात आले, आणि तुला मी आवडलेच नाही तर?

तो – अगं, खेळ आहे तो.

ती – इतका वेळ खेळ नव्हता. माझ्यावर आल्यावर खेळ झाला.

तो – खरं सांगू? पहिल्यांदाही तू आवडली नव्हतीस मला.

ती – काय?

तो – तुझे बाबा बसायचे तेव्हा इथे गल्ल्यावर. शर्टाचं बटण तुटलं म्हणून मी तक्रार करायला आलो, तर तू आतून येऊन सगळ्यांसमोर मला झापलंस. म्हटलं, काय फटकळ मुलगी आहे!

ती – हे कधी बोलला नाहीस.

तो – तूही कधी विचारलं नाहीस.

ती – मग दुसऱ्या दिवशी परत कशाला आलास? शर्ट तर घेऊन गेला होतास.

तो – अजून चिडलेली आहेस का, ते बघायला.

ती – आणि?

तो – होतीस.